पिवळी रेघ

बस डेपोतून डिझेलच्या गाड्या दहा-दहाच्या तुकडीने जायला लागल्या, तेव्हा कुणी हळहळलं नाही. उलट गाड्या धुणारी माणसं म्हणाली, बरं झालं, आता खोकला तरी जाईल. जिथे डिझेलचा पंप होता तिथे चार्जरचे उंच खांब उभे राहिले आणि त्यांच्यातून मनगटाएवढ्या जाड केबली नव्या विजेच्या गाड्यांच्या कुशीत जाऊ लागल्या. "वासरं दूध पितायत बघा," कुणीतरी म्हणालं आणि तो विनोद आठवडाभर पुरला.

खरा फरक पडला तो आवाजाचा. पूर्वी सकाळची पाळी सुटताना खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. आता चाळीस गाड्या फाटकातून निघून जायच्या आणि पहारेकऱ्याच्या रेडिओवरच्या बातम्यांत खंड पडायचा नाही. यार्डात गप्पा मारणारी माणसं मध्येच मागे वळून दचकायची, कारण गाडी पाठीला नाक लावून उभी असायची.

वरच्या मजल्यावर, जिथे आधी तिकिटांची कपाटं होती, तिथे कंट्रोल रूम झाली. सकाळच्या पाळीला तिथे बसायची ती एक बत्तीस वर्षांची बाई. आधी आठ वर्षं तिने याच डेपोत कंडक्टरकी केली होती. आता तिच्यासमोरच्या भिंतीवर सहा स्क्रीन होते आणि त्यांवर लहान लहान चौकोन. प्रत्येक चौकोनात एका ड्रायव्हरचं तोंड. नव्या गाडीत स्टिअरिंगच्या वर एक बोटाएवढा कॅमेरा असायचा. त्यात स्टिअरिंगवरचे हातही दिसायचे, पण त्याचं काम एकच, ड्रायव्हरचे डोळे बघणं. नजर पाच सेकंद एकाच जागी खिळली, आरशाकडे गेली नाही, पापणी लवली नाही, की त्या चौकोनाभोवती पिवळी रेघ उमटायची आणि हलत्या चित्रासकट नोंद पडायची.

ड्रायव्हरांना हे मुळीच रुचलं नव्हतं. कुणी टोपी नाकापर्यंत ओढायचा, कुणी काळा चष्मा लावायचा. एकाने भिंगावर स्वतःचाच फोटो कापून चिकटवून बघितला. तिला ते स्क्रीनबाई म्हणायचे. ती जिना उतरताना दिसली की कुणीतरी ओरडायचं, "केस विंचरा रे, स्क्रीनबाई आल्या!" तीही हसून उत्तर द्यायची, "विंचरायला आहेत का तुला?"

त्या चौकोनांतलं एक तोंड तिच्या वडिलांचं होतं. सगळा डेपो त्यांना मास्तर म्हणायचा, कारण निम्म्या ड्रायव्हरांचा हात त्यांनीच बसवला होता. एकतीस वर्षांत त्यांच्या नावावर एक शेरा नव्हता. विजेच्या गाडीवर ते सर्वांत आधी बसले. मास्तर बसले म्हटल्यावर बाकीचेही बसले. पण घरी आल्यावर ते कुरकुरायचे.

"तिला चालवायचं काय असतं? क्लच नाही, गिअर नाही. पाय दाबला की निघते, पाय उचलला की आपली आपणच ब्रेक धरते. मी नुसता रुसलेल्या व्याह्यासारखा बसून असतो."

"मग बरं आहे की," आई म्हणायची. "गुडघे दुखायचे थांबले."

"गुडघे थांबले, पण डोकं जड होतं. आवाजच नाही ना. कापसात बसल्यासारखं वाटतं."

पहिली रेघ एका मंगळवारी आली. पाण्याच्या टाकीकडून येणारा लांब सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, सकाळचे दहा वाजत आलेले. वडिलांच्या चौकोनाभोवती पिवळं उमटलं आणि ती नीट बघेपर्यंत विझलं. नोंद पडली: नजर स्थिर, सहा सेकंद.

रात्री जेवताना ती थट्टेत म्हणाली, "अप्पा, आज टाकीच्या रस्त्यावर कुठे हरवला होतात?"

"मी हरवलो नव्हतो. तुझं मशीन आंधळं आहे."

त्यांना एवढा राग येईल असं तिला वाटलं नव्हतं. आई वाढता वाढता थांबली होती.

पुढच्या तीन आठवड्यांत रेघा सात झाल्या. इतरांनाही येत होत्या. कुणी फोन बघताना सापडायचा, कुणी पेंगताना. त्या चित्रांत काही गूढ नसायचं, पेंगणारा माणूस पेंगताना दिसायचाच. वडिलांच्या रेघांचं तसं नव्हतं. एकदा पाळी संपल्यावर ती मागे थांबली आणि तिने सातही चित्रं एकापाठोपाठ एक लावली.

सातही ठिकाणी वडिलांचे डोळे टक्क उघडे होते. मान ताठ, दोन्ही हात स्टिअरिंगवर. आधी त्यांचा उजवा अंगठा स्टिअरिंगच्या कडेवर फिरू लागायचा, पुसल्यासारखा. मग ओठ हलायचे, तोंडात काहीच नसताना काहीतरी चघळल्यासारखे. पापणी लवायची नाही. एका चित्रात खिडकीतून ऊन थेट डोळ्यांवर आलं होतं, तरी ते मिटले नाहीत. मग एकदम खांदे सैल व्हायचे, नजर आरशाकडे जायची आणि अप्पा परत अप्पा व्हायचे.

तिने सातवं चित्र मध्येच थांबवलं. वडिलांचा चेहरा भिंतीवर तसाच राहिला. जन्मापासून ओळखीचा चेहरा, पण घरात दिवा जळत असावा आणि आत कुणी नसावं, तसा.

गाड्या पुरवणाऱ्या कंपनीचा एक इंजिनिअर डेपोत बसायचा. दुसऱ्या दिवशी तिने नाव न सांगता त्याला विचारलं, की डोळे उघडे असताना, मान समोर असताना रेघ का येते?

"तक्रारी आल्यात त्याच्या," तो उत्साहाने म्हणाला. "माणूस समोर बघत असतो आणि हे ओरडतं. मर्यादा फार कमी ठेवली होती. पुढच्या सोमवारी नवं सॉफ्टवेअर टाकतोय. पाच सेकंदांऐवजी बारा. मग फालतू रेघा बंद."

"म्हणजे बाराच्या आतलं काही दिसणारच नाही?"

"दिसेल ना, चित्र असेलच. फक्त रेघ नसेल, नोंद नसेल." मग तो हसला. "तुमचा त्रास कमी होईल."

त्याच दुपारी युनियनचा सेक्रेटरी तिच्या वडिलांना घेऊन मॅनेजरच्या खोलीत शिरला. दार उघडंच होतं; त्याचा आवाज जिन्यापर्यंत येत होता. "एकतीस वर्षं एक शेरा नाही अशा माणसाला सात पिवळ्या रेघा? ह्याहून मोठा पुरावा काय पाहिजे साहेब, की तुमचं यंत्र बिनडोक आहे? उद्या हे यंत्र सांगेल, हा ड्रायव्हर मेलेला आहे, तर जाळणार का त्याला?" बाहेर उभे असलेले ड्रायव्हर खदखदून हसले. वडीलही हसत होते. ती वरच्या पायरीवरून बघत होती.

त्या संध्याकाळी वडील दाढी करायला न्हाव्याकडे गेले होते तेव्हा तिने आईला विचारलं. आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आई, अप्पा मध्येच थांबल्यासारखे होतात का गं? म्हणजे, बोलता बोलता?"

आईने वर पाहिलं नाही. "चहा पिता पिता थांबतात कधीकधी. कप हातात तसाच राहतो. मी समजते, काहीतरी विचार चाललाय."

"हाक मारतेस?"

"मारते. देत नाहीत ओ. मग थोड्या वेळाने माझ्यावरच खेकसतात, काय आहे म्हणून."

"किती दिवस झाले?"

"दिवस कसले," आई म्हणाली. तिने घडी घातलेला शर्ट उलगडला आणि पुन्हा घडी घालायला घेतला.

ते आल्यावर तिने विषय काढला. जितक्या हळू आवाजात काढता येईल तितक्या. डॉक्टरकडे जाऊन येऊ, नुसतं दाखवून येऊ, कुणाला सांगायची गरज नाही.

"तू माझी पोरगी आहेस की त्या कॅमेऱ्याची?" वडील उठून उभे राहिले. "अख्खा डेपो माझ्या मागे उभा आहे, आणि माझ्याच घरात माझ्या पाठीत... मी एकदा डॉक्टरची पायरी चढलो ना, की मास्तर गेला म्हणून गावभर होईल. डोळ्यांत तेल घालून चालवतो मी गाडी. समजलं?"

"तेल घालता, ते मला दिसतं अप्पा. पण मध्ये मध्ये तुम्ही तिथे नसता."

हे वाक्य बोलायला नको होतं. ते जेवले नाहीत, आणि पुढचे चार दिवस तिच्याशी बोललेही नाहीत.

ती मॅनेजरकडे गेली. मॅनेजर बरा माणूस होता, पण धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशा अवस्थेत अडकलेला. त्याने ती चित्रं बघितली, कपाळ चोळलं.

"बाई, तुम्ही वडिलांविरुद्ध लिहून देणार? दिलंत तरी सेक्रेटरी म्हणेल, साहेबांनी पोरीला फोडलं. शनिवारी डिझेलची शेवटची तुकडी निघतेय. सोमवारी नवं सॉफ्टवेअर. सगळं शांत होतंय हो. आठ दिवस जाऊ द्या, मी स्वतः त्यांना तपासणीला पाठवतो."

"आणि आठ दिवसांत काही झालं तर?"

"एकतीस वर्षांत झालं नाही ते आठ दिवसांत होणार आहे?"

तिने लिहून दिलं नाही. पुढे हे तिने स्वतःला अनेकदा विचारलं, की का नाही दिलं. त्या दिवशी तिला मॅनेजरचं म्हणणं पटलं होतं असं नाही. पटावंसं वाटलं होतं, एवढंच.

शनिवारी शेवटच्या दहा डिझेल गाड्या धूर सोडत निघून गेल्या. सोमवारी सकाळी नवं सॉफ्टवेअर आलं. स्क्रीनवर एकही पिवळी रेघ नव्हती. तास गेला, दोन तास गेले. इतके सगळे चेहरे, सगळे निवांत, सगळे डोळे उघडे. इंजिनिअरने येऊन अंगठा दाखवला. तिला मात्र ती भिंत बघवेना. पूर्वी भोवरा कुठे आहे ते निदान कळत होतं. आता पाणी सपाट दिसत होतं आणि खोल कुठे ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मंगळवारी तिने रजा टाकली आणि टाकीच्या थांब्यावर जाऊन वडिलांच्या गाडीत चढली.

ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर ती बसली. वडिलांनी आरशातून पाहिलं. "पहारा द्यायला आलीस?"

"गाडी बघायला आले. मी कधी बसलेच नाही नव्या गाडीत."

"बस मग गुमान." पण आवाजात थोडी नरमाई होती. चार दिवसांनी ते पहिल्यांदाच बोलले होते.

पहिली फेरी झाली, दुसरी झाली. काही घडलं नाही. वडील नेहमीसारखे चालवत होते, पाण्यावर होडी सोडावी तसे. म्हाताऱ्या माणसासाठी गाडी पदपथाला अगदी खेटून लावायचे. घाईत धावत येणाऱ्यासाठी दोन क्षण थांबायचे. तिला वाटू लागलं, आपणच तर मनात काही रचलं नाही? तिने बसल्या बसल्या डोळे मिटले. गाडीत खरंच कापसात बसल्यासारखं वाटत होतं. फक्त टायरांची एक बारीक सळसळ.

तिसऱ्या फेरीला गाडी भरली. उभी माणसंही होती. टाकीचा रस्ता संपून उतार लागतो, आणि उताराच्या तळाशी मोठा चौक आहे. बाजाराचा दिवस होता. दुरून सिग्नल हिरवा दिसत होता.

तिचं लक्ष वडिलांच्या हाताकडे गेलं. अंगठा स्टिअरिंगच्या कडेवर फिरत होता.

"अप्पा."

ओठ हलू लागले होते.

"अप्पा, सिग्नल बघा."

सिग्नल पिवळा झाला. गाडी उतारावर होती आणि वडिलांचा पाय पेडलवरून हलला नव्हता. तो तिथे तसाच, हलकेच दाबलेला होता. पाय उचलला असता तर गाडीने आपणच ब्रेक धरला असता. ती उठून ओरडली, "अप्पा!" मागची माणसं बघायला लागली. सिग्नल लाल झाला. चौकातली माणसं रस्त्यात उतरली. पिशव्या घेतलेल्या बायका, डोक्यावर टोपली घेतलेला एक माणूस, बाबागाडीत बाळ घेऊन एक आई. कुणी वर बघितलं नाही. आवाजच नव्हता, तर कशाला बघतील?

स्टिअरिंगच्या बाजूला एक लाल बटण होतं. मोटरची वीज तोडून ब्रेक लावणारं. प्रशिक्षणात सांगितलेलं, की हे फक्त ड्रायव्हरने, आणि फक्त जिवावर बेतलं तरच. तिने वडिलांच्या खांद्यावरून वाकून ते तळहाताने दाबलं.

गाडी जागच्या जागी रुतल्यासारखी थांबली. आतली माणसं एकमेकांवर कोसळली, कुणीतरी किंचाळलं. पुढची चाकं पांढऱ्या पट्ट्यांवर होती. बाबागाडीवाली आई काचेच्या पलीकडे हातभर अंतरावर उभी होती आणि तिचं तोंड उघडं होतं.

आणि मग वडिलांचे खांदे सैल झाले. त्यांनी आधी आरशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"काय केलंस हे?" ते ओरडले. "वेड लागलं का तुला? सिग्नल हिरवा आहे!"

एका वृद्ध बाईचं मनगट मोडलं होतं; चौघांना मुका मार लागला होता. ड्रायव्हरच्या कामात हात घातला म्हणून तिला त्याच दिवशी घरी बसवण्यात आलं. डेपोत बातमी पसरली ती अशी, की स्क्रीनबाईंनी सगळ्यांसमोर बापाची अब्रू काढायला गाडी थांबवली. घरात वडील एकाच वाक्यावर अडून बसले. सिग्नल हिरवा होता. ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी शेवटचा बघितला तो सिग्नल हिरवाच होता.

"चौकशीत ते चित्र लावाच," त्यांनी स्वतःच मॅनेजरला सांगितलं. "दूध का दूध होऊ दे."

चौकशी मॅनेजरच्या खोलीत झाली. मॅनेजर, सेक्रेटरी, इंजिनिअर, वडील, आणि दाराजवळच्या खुर्चीवर ती. इंजिनिअरने दोन चित्रं आवाजासकट शेजारी शेजारी लावली. डावीकडे गाडीच्या पुढच्या कॅमेऱ्यातला रस्ता, उजवीकडे ड्रायव्हरचं तोंड.

रस्त्यावर सिग्नल हिरवा होता. उजवीकडे वडिलांचे डोळे स्थिर झाले. सिग्नल पिवळा झाला. "अप्पा," असा तिचा आवाज आला. ओठ हलत राहिले. सिग्नल लाल झाला. "अप्पा!" उघड्या डोळ्यांसमोरून एक पूर्ण चौक जवळ येत गेला, माणसं मोठी होत गेली, आणि त्या डोळ्यांत काहीच हललं नाही.

सेक्रेटरी म्हणाला, "हे बघा, कॅमेऱ्याच्या ह्याच्यात कधीकधी..."

"तू गप्प बस," वडील म्हणाले. "परत लावा."

परत लावलं. त्यांनी तिसऱ्यांदा लावायला सांगितलं तेव्हा इंजिनिअरने मॅनेजरकडे पाहिलं, पण लावलं.

"किती सेकंद?" वडिलांनी विचारलं.

"अकरा," इंजिनिअर म्हणाला. मग कुणी न विचारता म्हणाला, "म्हणून रेघ आली नाही. रेघ बाराला येते."

वडील बराच वेळ स्वतःच्या थांबवलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिले. परक्या माणसाकडे बघावं तसे. मग ते उठले, आणि दाराशी येऊन म्हणाले, "चल. डॉक्टर किती वाजेपर्यंत असतात?"

डॉक्टरीणबाई शांत होत्या. डोक्याला तारा लावून तपासणी झाली, फोटो निघाले. मेंदूत छोटे छोटे झटके येतात, त्या म्हणाल्या. माणूस पडत नाही, थरथरत नाही, फक्त काही सेकंद नसतो. गोळ्यांनी कमी होतील. मात्रा बसायला वेळ लागेल. पण गाडी आता कायमची बंद.

"हे विजेच्या गाडीमुळे झालं का?" तिने विचारलं. "आधी गिअर होते, आवाज होता, हातपाय सतत कामात असायचे."

"तसं मी म्हणणार नाही. एकसुरी कामात जास्त येत असतील. पण आधी येत नव्हते असं कशावरून? येत असतील आणि कुणी बघितलं नसेल. आधी कॅमेरा कुठे होता?"

वडिलांनी खाली घातलेली मान वर केली. "किती आधीपासून असू शकतं?"

"दहा वर्षंही असू शकतं. सांगता येणार नाही."

त्या गोष्टीला आठ दिवस झाले. तिला कामावर परत घेतलं. डेपोत कुणी तिच्याशी थट्टा करेना. रेघेची मर्यादा पुन्हा पाच सेकंदांवर आली, आणि सेक्रेटरीने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. घरी वडील खिडकीशी बसून असायचे. नवव्या दिवशी सकाळी ती डबा भरत असताना त्यांनी तिला हाक मारली.

"तो सायकलवाला. नऊ वर्षांपूर्वीचा."

तिला आठवत होतं. घरात त्यावर बोलायचं नाही असा अलिखित नियम होता. एक सुतार, सायकलवरून कामाला निघालेला. वडिलांच्या गाडीच्या डाव्या चाकाखाली आला आणि जागीच गेला. साक्षीदार नव्हता. चौकशीत ठरलं की त्याने अचानक सायकल आत घातली. मास्तरांच्या नावावर शेरा आला नाही.

"मी जबानीत सांगितलं होतं, तो दिसायच्या आत आला," वडील म्हणाले. "तेव्हा मला ते खरंच वाटलं होतं. आत्ताही डोळ्यांसमोर तेच येतं. रिकामा रस्ता, आणि मग एकदम तो धक्का. मधलं काही नाही." त्यांनी तिच्याकडे बघितलं. "मधलं काही का नाही?"

"अप्पा, ते आता कसं कळणार?"

"नाही कळणार. ती गाडीसुद्धा भंगारात गेली." ते उठले. "पण त्याची बायको आहे. पत्ता मी विसरलेलो नाही."

आईने अडवून बघितलं. झाकली मूठ असू द्या म्हणाली. गेलेला माणूस काही परत येत नाही म्हणाली. ते ऐकेनात. एकट्याने जाऊ देणं शक्य नव्हतं, म्हणून ती बरोबर गेली.

दोन खोल्यांचं घर होतं. दारात लाकडाचा एक सुबक उंबरठा, आत शिवणयंत्र, यंत्रावर अर्धवट शिवलेला गणवेश. सुताराची बायको पन्नाशीची, सडपातळ, चष्मा कपाळावर ढकललेला. तिने वडिलांना ओळखलं नाही. त्यांनी नाव आणि काम सांगितलं तेव्हा तिचा हात दाराच्या कडीवर गेला.

"आता का आलात?"

"चूक तुमच्या माणसाची होती असं तेव्हा ठरलं," वडील म्हणाले. "मी तसंच सांगितलं होतं. आता मला आजार निघालाय. गाडी चालवताना मी मध्येच नसायचो. त्या दिवशी होतो की नव्हतो, मला माहीत नाही. कधीच कळणार नाही. पण चूक त्यांचीच होती असं मी आता म्हणू शकत नाही. एवढंच सांगायला आलो."

तिने कडीवरचा हात काढला. मग बाजूला झाली. "आत या."

ते दोघं खाटेवर बसले. ती यंत्राजवळच्या स्टुलावर. पाणी वगैरे तिने विचारलं नाही. गणवेशाची कड बोटांनी सरळ करत ती जमिनीकडे बघत बोलायला लागली, अगदी हळू, थांबत थांबत.

"नऊ वर्षं मी त्यांनाच बोलतेय. त्या दिवशी सकाळी आमचं वाजलं होतं. रागात निघाले, चहा तसाच टाकून. मला वाटायचं, रागात होते म्हणूनच सायकल आत घातली. म्हणजे माझ्यामुळेच. हे मी कुणाला सांगितलं नाही. आज तुम्ही आलात आणि..." तिने चष्मा डोळ्यांवर घेतला, परत काढला. "तुम्हाला शिव्या द्यायला पाहिजेत मी. पण मला आत्ता काय वाटतंय माहितीये? नऊ वर्षांत पहिल्यांदा श्वास घेतल्यासारखं वाटतंय. तुम्ही आलात ते बरं केलंत."

मुलीने वडिलांकडे बघितलं. ते खाटेच्या कडेला ताठ बसले होते, मान समोर, दोन्ही हात गुडघ्यांवर. डोळे टक्क उघडे. उजवा अंगठा गुडघ्यावर फिरत होता.

तिने मोजलं. सहा. सात. आठ. सुताराची बायको त्यांच्या उत्तराची वाट बघत होती. तिला वाटत होतं की समोरचा माणूस ऐकतोय.

वडिलांचे खांदे सैल झाले. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, मग सुताराच्या बायकोकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तीच आधीची भीती होती, अजून काहीच उत्तर न मिळालेल्या माणसाची.

"बाई," मुलगी म्हणाली. "आत्ता बोललात ना, तेवढं परत एकदा सांगाल? त्यांच्या कानावर गेलं नाही."